रविवारच्या दुसऱ्या दिवशीची मेल

नव्या मेलला वास नाही.

परवा गुडघ्याचं औषध घेऊन येत होते. रेल्वेच्या पुलावर दम लागला म्हणून कठडा धरून उभी राहिले, तेवढ्यात खालून मेल गेली. डबे मोजायला सुरुवात करेपर्यंत ते संपले. पूल थरथरला, पदर उडाला आणि मग काही नाही. मी मुद्दाम खोल श्वास घेऊन पाहिला. हवा होती तशीच होती. मला हसू आलं. शेजारून जाणारी कॉलेजची मुलगी वळून वळून बघत गेली, ही म्हातारी पुलावर एकटी का हसते म्हणून.

आमच्या वेळी मेल जायची आणि तिचा वास पाऊण तास मागे राहायचा. कोळशाचा, तापलेल्या तेलाचा, आणि निखाऱ्यावर पाणी मारल्यावर येतो तसा एक दमट वास. तो पदराला लागायचा, केसांना लागायचा, दोरीवरच्या धोतरांना लागायचा. उन्हाळ्यात पापड घातले की त्यांवर बारीक काळे कण येऊन बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "तीळ घालूक नको गो. रेल्वे फुकट घालता."

लग्न होऊन मी बोरिवलीला आले ती पन्नास सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं. मी सोळा वर्षांची होते, मराठी चौथी झालेली. गावाहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तोपर्यंत आगगाडी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. चित्रातली गाडी उभी होती. गाडी पळते हे ठाऊक होतं, पण पळते म्हणजे काय करते हे ठाऊक नव्हतं.

तेव्हाच्या बोरिवलीत ताडाची झाडं जास्त आणि घरं कमी. आमची चाळ सहा खोल्यांची, कौलारू. मागे विहीर, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रूळ. आतल्या रुळांवरून विजेच्या लोकल जायच्या. त्या आल्या गेल्या तरी कुणी मान वर करत नसे. मेलचे रूळ आमच्या बाजूचे होते.

पहिल्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी चुलीपाशी बसले होते आणि फळीवरचे पितळी डबे आपापसात बोलायला लागले. आधी हळू, मग एकदम सगळे मिळून. पायाखालची जमीन गुरगुरली. मी भाताचा कालथा टाकून सासूबाईंच्या गळ्यात पडले. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"खुळी काय गो तू? मेल ती! रोज येतली. रोज अशी मिठी मारतलंस?"

दुसऱ्या दिवशी मी दारापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी अंगणाच्या मध्यापर्यंत. आठव्या दिवशी कुंपणाची तार माझ्या मुठीत होती, आणि त्यानंतर पाचची मेल मी चुकवली असं क्वचितच झालं.

आधी रूळ बोलायचे. सुतार करवतीवर बोट फिरवतो तसा बारीक आवाज यायचा. मग दक्षिणेकडे ताडांच्या डोक्यांवर धूर दिसायचा. फाटकासाठी लांबलचक शिट्टी व्हायची आणि वळणावर तिचं तोंड दिसायचं. तोंड काळं, पुढे निमुळतं, आणि त्यावर मधोमध रंगवलेली मोठी रुपेरी चांदणी. आम्ही सगळ्या बायका त्या इंजिनाला चांदणीच म्हणायचो. सुरुवातीला ती येते आहे असं वाटायचंच नाही. ती जागच्या जागी मोठी होत जायची. मोठी, आणखी मोठी, आणि मग एका क्षणी मोठं व्हायचं थांबवून ती यायची. चाकांच्या दांड्या माणसाच्या कोपरासारख्या वरखाली व्हायच्या, पण इतक्या भरभर की दांडी दिसायची नाही, नुसती तेलाची चमक फिरताना दिसायची. छातीत कुणी उखळ मांडून कांडतंय असं वाटायचं. ऊन ऊन वारा तोंडावर यायचा. अंगण, विहीर, चाळ, मी, सगळं तिच्या मागे ओढलं जातंय असं वाटायचं. लोक म्हणत, साठ मैलांनी जाते. मला मैलांचं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की जगात इतकं जोरात काहीतरी जाऊ शकतं आणि ते माझ्या अंगणापुढून जातं.

मी फार लाजाळू. चार बायकांत बसले तर मी आहे की नाही हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, आणि मला ते बरंच वाटायचं. लग्नात उखाणा घेतला तो इतक्या हळू की करवलीने तीन वेळा घ्यायला लावला आणि चौथ्या वेळी तिनेच माझ्या वतीने घेतला. पण चांदणी जाताना मी मोठमोठ्याने हसत असायची. खदाखदा. त्या आवाजात माझं हसणं मलासुद्धा ऐकू यायचं नाही, म्हणूनच हसता यायचं.

आमचे हे रेल्वेत फायरमन होते. मेलवर नव्हे. यार्डात डबे इकडचे तिकडे करणाऱ्या इंजिनावर, आणि कधी बलसाडपर्यंत जाणाऱ्या मालगाडीवर. मालगाडीला वाटेत दर स्टेशनाबाहेर उभं करून ठेवत आणि मेलला पुढे सोडत. हे बाजूच्या रुळावर फावड्यावर हनुवटी टेकून उभे, आणि चांदणी शेजारून निघून जायची. घरी आले की जेवतानासुद्धा त्यांचं तेच.

"मेलचा विस्तव निराळा," ते सांगायचे. "तिथं कोळसा फेकायचा नसतो गं. तू भाकरी कशी थापतेस? कुठे गोळा नाही, कुठे भोक नाही. तसा विस्तव थापायचा. आणि तो उभ्याने, पळत्या घरात."

मग ताट बाजूला सारून, चुलीतला चिमटा घेऊन ते शेगडीत कोळसे लावून दाखवायचे. मागे, कडेला, मग पुढे. सासूबाई ओरडायच्या, "सोमू, जेव आधी!"

मेलच्या ड्रायव्हरांची माणसं ठरलेली असत. त्यातलं कुणी आजारी पडलं तर बाहेरचा माणूस एका फेरीपुरता वर चढे, आणि त्या एका फेरीत ड्रायव्हरला पसंत पडला तरच पुढे त्याचा विचार होई. हे सहा वर्षं त्या एका फेरीची वाट बघत होते.

आता नावाचं सांगायला हवं. बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत तेव्हा सगळीकडेच होती. नावासारखा दुसरा शब्द असेल तर तोही टाळायचा. ह्यांच्या नावात रविवारनंतरचा वार होता. त्यामुळे तो वार माझ्या आठवड्यातून गेला. रविवारवरून मी एकदम मंगळवारावर जायची. अगदीच वेळ आली तर 'रविवारच्या दुसऱ्या दिवशी' म्हणायची.

ह्याची सगळ्यात जास्त मजा वाटायची फिलूबायला. ती गोराईची ख्रिश्चन मासेवाली, सकाळच्या होडीने खाडी ओलांडून यायची आणि टोपली आमच्याच ओट्यावर पहिली टेकवायची. नवऱ्याचं नाव ती दर वाक्यात घ्यायची, आणि तेही शिवीला जोडून.

"काय गो सूनबाय, आज काय वार?"

मी हसून मान खाली घालायची.

"बोल ना! अगं, नाव घेऊन नवरे मरत असते तर माझा मेला पास्कू लग्नाच्या दिवशीच चर्चमध्ये आडवा झाला असता."

एका गुरुवारी दुपारी दारावर थाप पडली. हे मालगाडीवर गेले होते. स्टेशनातला पोर्टर आला होता. मी दाराआड उभी राहिले.

"सोमनाथ आहे का?"

"नाहीत."

"इंजिनांच्या शेडवरून फोन आलाय. मेलचा फायरमन आजारी पडलाय. सोमवारी दुपारी दोन वाजता शेडवर हजर व्हायला सांगा. चांदणीवर जायचंय. दोनला दिसला नाही तर दुसरा माणूस तयार आहे. लक्षात राहील ना वहिनी? काय सांगाल, सांगा बरं."

"दोन वाजता. मेलवर."

"आणि वार?"

मी मान हलवली.

"मान काय हलवता? वार सांगा."

"माहीत आहे," मी म्हटलं. तो हसत निघून गेला.

सासूबाई आत जात्यावर नाचणी दळत होत्या. नव्या सुनेने घरातल्या मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, त्यामुळे ह्यांना काही सांगायचं तर ते सासूबाईंच्या तोंडूनच जायचं. मी जात्याशी वाकून म्हटलं, "आई, रविवारच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना मेलवर बोलावलंय. दोन वाजता, शेडवर." जातं घरघरत होतं. सासूबाईंनी ते न थांबवताच देवाच्या कोनाड्याकडे बघून एक हात कपाळाला लावला. "पावलो गो देव!"

शुक्रवारी सकाळी हे आले. मी विहिरीवर पाणी काढत होते, तिथे माझ्याजवळून जाताना थांबले. "आईनं सांगितलं," म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला वर बघवेना. मीही हसले. वार त्यांनी उच्चारला नाही. मी तर उच्चारणारच नव्हते.

त्या दुपारी मी त्यांचा निळा डगला आणि विजार धुतली. पितळी तांब्यात निखारे भरून त्याने इस्त्री केली. हे पडल्या पडल्या बघत होते. "इतक्यात कशाला करतेस? चुरगळेल," म्हणाले. सासूबाई बाहेर होत्या, म्हणून मी हळूच म्हटलं, "खुंटीला लावून ठेवते." शनिवार-रविवार त्यांना यार्डात काम होतं. पुढच्या दिवशी सुट्टी होती. त्या पहाटे मी विहिरीवर असतानाच ते घराबाहेर पडले. मला वाटलं, आजचा दिवस मोठा, लवकर गेले असतील.

दहा वाजता फिलूबाय आली. टोपली उतरवून पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "तुझा नवरा भला माणूस हां. सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून आमच्या होडीला डांबर फासतोय. माझा मेला पास्कू नुसता उभा राहून शिकवतोय त्याला."

मला आधी कळेचना.

"गोराईला आहेत?"

"मग काय सांगते? तोंडाला पण डांबर लावून घेतलंय. मला आधी ओळखूच आला नाही."

मी आत वळून बघितलं. निळा डगला खुंटीला तसाच होता, माझ्या इस्त्रीच्या घड्यांसकट.

"आई! आज मेल आहे ना ह्यांची?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "आज खंयची? दुसऱ्या रविवारी म्हणालंस मगे तू!"

"रविवारच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं मी."

सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं. "अगो, सोमवार म्हणूक काय झाला होता तुका?" त्या ओरडल्या, आणि ओरडल्याबरोबर त्यांना कळलं काय झालं होतं. हात कपाळावर मारून त्या म्हणाल्या, "माझे गुडघे नाय चालणत. तू जा. धाव!"

फिलूबाय मागून काहीतरी सांगत होती. मी ऐकायला थांबले नाही.

तोपर्यंत मी एकटी विहिरीपलीकडे गेले नव्हते. फाटक ओलांडलं, बाजार ओलांडला, मग भाताची कापलेली शेतं, मग मिठागरं. लोक बघत होते. चप्पल हातात घेतली होती, ती कुठे पडली कळलं नाही. इतकं मात्र आठवतं की धावताना माझ्या तोंडून चांदणीसारखाच आवाज निघत होता. हुफ्, हुफ्, हुफ्.

खाडीवर पोहोचले तर ओहोटी. लोकांना पलीकडे नेणारी तरीची होडी चिखलात बसलेली. तिच्यावरचा म्हातारा तरीवाला काठावर विडी ओढत होता, आणि तीन-चार माणसं पाणी चढायची वाट बघत बसली होती.

"कधी निघेल होडी?"

"तासाभराने. दीड तास म्हण."

मध्ये उरलं होतं तेवढं पाणी, आणि पलीकडच्या काठावर एक उलटी घातलेली होडी. तिच्याभोवती पाच-सहा पुरुष, बोटभर दिसणारे, सगळे सारखेच काळे. त्यातले हे कोणते ते मला लगेच कळलं. फावडं मारतात तसे कमरेतून वाकले होते.

मी हाक मारली, "अहो!"

ह्या काठावरचे सगळे पुरुष वळले. त्या काठावरचं कुणी हललं नाही.

"अहो!"

"काय गं पोरी?" तरीवाला उठून आला. "कुणाला बोलवायचंय? नाव सांग, मी हाक देतो. माझी हाक मनोरीपर्यंत जाते."

मी पलीकडे बोट दाखवलं.

"नाव सांग ना!"

मला एकदम सुचलं. मी चौथी शिकले होते. लिहिलं तर ते तोंडाने घेतलं असं होत नाही. काडी उचलली आणि ओल्या चिखलात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. ठळक, वेलांटी-मात्रा सांभाळून, मास्तरांनी शाबासकी दिली असती असं. आणि त्याच्याकडे बघितलं.

तरीवाल्याने चिखलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण मी अंगठेबहाद्दर. तू इथं बोंबील लिहिलंस की हलवा, मला काय कळणार?"

मी बाकीच्यांकडे वळले. एक जण म्हणाला, "आमची पण शाळा खाडीतच झाली बाई."

"उखाण्यात घे की!" तरीवाला म्हणाला. "उखाण्यात चालतं ना तुमच्यात? घे, आम्ही ऐकतो."

सगळे सरसावून बसले. मी डोळे मिटले. "खाडीला लागली ओहोटी, चिखलात रुतली होडी..." म्हटलं, आणि पुढचं काही सुचेना. होडी, जोडी, गोडी, सगळे शब्द माझ्या डोक्यातून पळून गेले. डोळे उघडले तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ऊन डोक्यावर येत चाललं होतं. दोन वाजता शेडवर दुसरा माणूस तयार होता. सहा वर्षं. आणि पलीकडे ते, पाठमोरे, होडीला डांबर लावत होते.

"सोमनाथ!"

तो आवाज माझा होता हे मला मागाहून कळलं. तिवरांतून बगळे उडाले. पलीकडची सगळी माणसं एकदम सरळ झाली, आणि त्यातलं एक डोळ्यांवर हात धरून उभं राहिलं.

"सोमनाथ! आज सोमवार आहे! सोमवार! मेल आज आहे!"

हातातलं डांबराचं डबडं त्यांनी टाकलं ते मला इथून दिसलं. पास्कूचं छोटं होडकं पाण्यात ढकलून दोघं वल्ही मारत आले. अलीकडे पाणी संपलं तशी ह्यांनी चिखलात उडी टाकली, मांड्यांपर्यंत. तरीवाला माझ्याशेजारी उभा राहून विडी झटकत म्हणाला, "असा गळा असताना लिहीत काय बसलीस गं?"

ते वर आले तेव्हा खालून चिखल आणि वरून डांबर, मधले फक्त डोळे. त्यांनी सूर्याकडे एकदा बघितलं, माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघं धावत सुटलो. बाजाराच्या अलीकडे एक टांगा मिळाला. टांगेवाला आम्हाला घेईना. हे म्हणाले, "गादी धुऊन देतो बाबा, हाक." टांगा चालायला लागल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाव घेतलंस."

"हो."

"राव नाही, काही नाही."

"वेळ नव्हता," मी म्हटलं.

ते हसायला लागले. मीही. चांदणी नसताना, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या मी मोठ्याने हसले आणि ते मला ऐकू आलं.

घरी सासूबाईंनी रॉकेल आणि काथ्या काढून तयारच ठेवला होता. अंगणात उभं करून त्यांनी लेकाला भांडं घासावं तसं घासलं. फिलूबायने विक्री सोडून पाणी ओतलं. डगल्याची बटणं लावत लावत ते स्टेशनाकडे धावले. सासूबाईंनी विचारलं, "पोचतलो काय?"

पुढची दुपार कशी गेली सांगता येत नाही. चार तासांत मी तीनदा ओटा सारवला.

आता ती फाटकं राहिली नाहीत. मिठागरांवर इमारती आल्या. चांदणी भंगारात गेली असेल, तिच्या लोखंडाचं काय केलं कुणास ठाऊक. कोळसा गेला तशी फावडी गेली, आणि विस्तव थापणारे हातही गेले. आमचे हे जाऊनही बरीच वर्षं झाली. नातवंडं म्हणतात, आजी, आता गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी जास्त वेगाने जातात. जात असतील. परवा पुलावरून मीही पाहिलं. पण मला विचाराल तर वेग मैलात नसतो. तो पोटात असतो, दातांत असतो, कुंपणाच्या तारेत असतो. त्या संध्याकाळी तो किती होता हे मला विचारा.

पाचला आम्ही तिघी कुंपणाशी होतो. सासूबाईंची नजर अधू, त्यांनी माझा दंड धरला होता. फिलूबाय आपली रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर उभी होती. ह्यांनी जाताना बजावलं होतं, "मी बाहेर बघणार नाही. माझं लक्ष भट्टीत असेल." दोनच्या आत पोचले नसतील तर आत दुसराच कुणी असेल, आणि दोन क्षणांत मला ते ओळखायचं होतं.

रूळ बोलले. ताडांवर धूर दिसला आणि मी तार घट्ट धरली, कारण मी रोज बघायचे तसा तो काळा नव्हता. कोळसा एका जागी ढिगाने पडला, नीट जळला नाही की धूर काळा आणि जाड येतो. हा पातळ होता, राखाडी, धुतलेल्या मलमलीसारखा. फाटकाची शिट्टी झाली. वळणावर चांदणी उगवली, मोठी होत गेली, आणि आली.

मी कितीदा पाहिलं होतं तिला, पण अशी नाही. तिच्यात ओढाताण नव्हती. दांड्यांची चमक एकसारखी, जमिनीचा कंप एकसारखा, जणू ती धावतच नव्हती, तिला सोडून दिलं होतं. अंगणातली धोतरं आडवी झाली. फिलूबाय टोपलीवरून उतरली की पडली ते दिसलं नाही. मी तारेवर पाय देऊन उंच झाले आणि ओरडले. काय ओरडले ते तुम्हाला कळलंच असेल. ते वाऱ्याने माझ्या तोंडातून काढून घेतलं आणि इंजिनाबरोबर नेलं. इंजिनाच्या उघड्या बाजूतून मला लाल उजेड दिसला, आणि त्या उजेडावर निळ्या डगल्यातली वाकलेली पाठ. ती वाकली, वळली, वाकली. पाऊल हललं नाही. मग डबे, डबे, डबे, खिडक्यांतले चेहरे एकमेकांत मिसळलेले, शेवटच्या डब्याचा लाल दिवा, आणि दोन्ही रुळांवर थरथरणारं ऊन.

ड्रायव्हरने त्यांना मेलवर ठेवून घेतलं हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मला ते तेव्हाच कळलं होतं.

धूर आमच्यावरून हळूहळू खाली उतरत होता. फिलूबायने क्रूस केला. सासूबाईंनी माझा दंड हलवला.

"सोमू दिसलो काय गो?"

"दिसले," मी म्हटलं. आवाज बसला होता, तरी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हटलं. "आई, गाडी तेच पळवत होते."